सुपरवायझरांची साफसफाई

ऑफिसांच्या सहामजली इमारतीत सफाईचे सुपरवायझर असलेल्या गृहस्थांना एकच उपाय ठाऊक होता: डाग दिसला की आणखी घासा. त्यामुळे शिश्नाच्या पुढच्या कातडीवर लाली येऊन खाज सुटली, तेव्हा त्यांनी फरशीचं जंतुनाशक मगभर पाण्यात ओतून दिवसातून पाच वेळा धुण्याचा सपाटा लावला. कातडी सोलवटली, बारीक जखमा झाल्या. बायकोला भलतंच काही वाटेल या धास्तीने ते आठ दिवस हॉलमध्ये झोपले आणि त्यामुळेच तिला भलतंच वाटू लागलं.

शेवटी त्यांनी डॉक्टरांना गाठलं.

"अहो, ही कातडी आहे, जिना नव्हे," डॉक्टर तपासून म्हणाले. "जंतुनाशक बंद, साबणही बंद. रोज कोमट पाण्याने हलक्या हाताने धुवा, नीट कोरडं करा. कातडी जोर लावून मागे ओढू नका. हे मलम लावा. आणि रक्तातली साखर तपासून घ्या, ती वाढली की हा त्रास पुन्हा पुन्हा होतो."

"पण डॉक्टर, माझी स्वच्छता..."

"तीच तर नडली!"

घरी येताच त्यांनी एका दमात बायकोला सगळं सांगून टाकलं. ती कमरेवर हात ठेवून ऐकत होती.

"दिवसातून पाच वेळा धुवत होतात?"

"हो ना," ते ओशाळून म्हणाले.

"आणि इतक्या वर्षांत स्वतःचा चहाचा कप एकदा तरी विसळलात का हो?"

सुपरवायझरांनी मुकाट्याने कप उचलला. तिने हॉलमधली उशी उचलून आत नेली.