महाराजांची चावी आणि दोन बोर्ड
मानपाड्याच्या आमच्या गाळ्यात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या गाळ्यांतली माणसं कामं टाकून आलेली, मोबाइल वर धरून. टेबलावर दोन बोर्ड होते, एक स्वस्त, एक महाग. कटिंग मशीनच्या मोटारींना कधी, किती फिरायचं ते सांगणारे. आणि दोऱ्याला बांधलेली चावी त्यांच्यावर धरून उभे होते यंत्रानंद महाराज.

महागड्या बोर्डावर चावी गरगर फिरली. स्वस्तावर ढिम्म हलेना.

"यात प्राण आहे!" महाराज गरजले. "कॉस्मिक व्हायब्रेशन! तो दुसरा मृत!"

लोकांनी पटापट हात जोडले. माझं डोकंच फिरलं. सतरा वर्षं मी मशीनं दुरुस्त करतेय, असला प्राण कधी दिसला नाही मला.

महिनाभर आमचं मशीन मध्येच झटका मारत होतं. कापणी तिरकी, शीट भंगारात. मी मालकांना म्हटलेलं, बोर्डावर संशय आहे, स्वस्त-महाग दोन्ही आणा, लावून बघते. तर तानाजीशेठनी बोर्डांसोबत महाराजही आणले! वर मलाच सांगतात, "योगिनी, तुला दोन दिवस लागतील, महाराजांना दोन मिनिटं."

इथवर मी दात-ओठ खात ऐकून घेतलं. पण महाराजांनी चावी आमच्या ऑपरेटरकडे, प्रियांकाकडे वळवली.

"ही कधी लागली?"

"दसऱ्यानंतर," शेठ म्हणाले.

"आणि मशीन तेव्हापासूनच बिघडलं! हिचा हात यंत्राला सोसत नाही. महागडा बोर्ड घ्या, हिला काढा."

दिव्याहून लोकलने येणारी पोरगी. कोर्स करून पहिलीच नोकरी. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "शेठ, मी काय केलं?"

शेठनी मान खाली घातली. "उद्यापासून नको येऊस गं."

"शेठ, संध्याकाळपर्यंत थांबा!" मी ओरडलेच. "महाराज, झाकलेला बोर्ड ओळखेल तुमची चावी?"

"वत्से, भिंतीपलीकडचाही ओळखेल."

मग काय! दोन सारखी खोकी घेतली. एकात त्यांचा प्राणवाला बोर्ड, दुसऱ्यात प्रियांकाचा डबा. पाच वेळा खोकी आत नेली, अदलून-बदलून बाहेर मांडली. पाचातून तीनदा चावी डब्यावर गरगरली. शेवटी सगळ्यांसमोर झाकण काढलं. आत चपाती आणि वांग्याची भाजी.

हशा पिकला. मी सांगितलं, "चावी मनगट फिरवतं. आपण जिथे फिरावी म्हणतो, तिथे हात हळूच हलतो. घरी करून बघा." महाराज "नकारात्मक ऊर्जा, नकारात्मक ऊर्जा" पुटपुटत स्कूटरवर बसून पसार झाले.

तरी शेठचं आपलं, "पण झटका तर येतोय ना?"

अरे देवा! पालथ्या घड्यावर पाणी! "तेच बघू द्या म्हणतेय ना!"

तेच मशीन, तेच पातं, तेच डिझाइन. आधी स्वस्त बोर्डावर वीस तुकडे, मग महागड्यावर वीस. मशीन प्रियांकानेच चालवलं. झटके दोन्हींवर आले, जवळजवळ सारखेच. म्हणजे दोष बोर्डाचा नव्हताच. मग प्रियांकाच एकदम म्हणाली, "ताई, प्रत्येक झटक्याला कोपऱ्यातला हवेचा कॉम्प्रेसर सुरू झालेला असतो."

मशीनचं मागचं दार उघडलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीच्या पूजेत फोटो छान यावा म्हणून शेठनी सगळ्या वायरी एकत्र आवळून बांधलेल्या. कॉम्प्रेसरची जाड वायर आणि बोर्डाची बारीक वायर, गळ्यात गळा. कॉम्प्रेसर सुरू झाला की बारीक वायरीत खोटा सिग्नल घुसायचा आणि मोटार भलतीकडे उडी मारायची. मी बंध कापले, वायरी एकमेकींपासून लांब केल्या. पुन्हा वीस तुकडे काढले. एकही झटका नाही.

शेठनी घाम पुसला. "बरं, ये गं उद्या वेळेवर."

प्रियांका जागची हलली नाही. "शेठ, सगळ्यांसमोर काढलंत. आता सगळ्यांसमोर सांगा."

शेठ माझ्याकडे बघायला लागले. मी कशाला बोलू? शेवटी शेजारच्या गाळ्यांतल्या माणसांना परत बोलवावं लागलं. "वायरी मी बांधल्या," शेठ म्हणाले. "चूक माझी. हिच्या हातात काही दोष नाही."

मशीन दोन तासांत सुधारलं. हे एक वाक्य यायला मात्र अख्खा दिवस गेला, याचा मला अजून संताप येतो. लोकहो, मशीन बिघडलं तर मशीन उघडा. माणसाचे हात कसले तपासता?