न मोजलेलं वर्ष

वार्षिक अहवालाचं नाव आधीच ठरलं होतं: ‘प्रगतीचं वर्ष’. आत काय लिहायचं, ते तेवढं कुलझिरावर टाकलं होतं. नाव आधी, काम मागाहून, ही कारागांदा या कोळशाच्या शहराजवळच्या त्या संशोधन केंद्राची जुनी खोड.

कोळशावरच्या वीजघराच्या धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड वायू पकडायचा आणि विहिरीवाटे किलोमीटरभर खोल खडकात दाबून ठेवायचा, हे केंद्राचं काम. तो तिथेच राहतो की वर झिरपतो, हे सांगणं भूशास्त्रज्ञ कुलझिराकडे. विहिरीलगत कोकतास गाव होतं आणि तिथे तिची धाकटी बहीण बातिमा राहायची. ‘राहतो’ असं कुलझिरानं लिहिलं, की पुढच्या वर्षी गावाखाली शंभरपट वायू जाणार होता.

जमीन मुळातच थोडा वायू सोडत असते, थंडीत कमी, उन्हाळ्यात जास्त. म्हणून विहिरीत काही सोडण्याआधी चारही ऋतू मोजमाप करायला हवं. पण मंत्र्यांना डिसेंबरातल्या स्वातंत्र्यदिनाआधी उद्घाटन हवं होतं. संचालक येरसायिन म्हणाले, "अगं, महिनाभर मोज की. जमीन काय पळून जातेय?" आणि वीस वर्षं खडक वाचलेली ही बाई ‘बरं’ म्हणाली! दगडासारख्या गोठलेल्या माळावर तिनं महिनाभर मोजलं. आकडे इतके गुणी, इतके गप्प, की तिचं तिलाच कौतुक वाटलं. मेंढी कापली, फीत कापली, वायू खाली गेला.

मार्चमधला नौरोझचा सण उलटला, बर्फ वितळला आणि आकडे चढले. जूनमध्ये ते हिवाळ्याच्या पंधरापट झाले. हा जमिनीचा रोजचा श्वास, की खालून निसटलेला वायू? तिनं नमुने अल्माटीला पाठवले. उत्तर आलं, ओळखता येत नाही. कोळसाही कधीकाळी झाडंच होता, त्यामुळे त्याचा वायू आणि मुळांचा वायू जवळपास सारखाच. शिवाय त्या भागातल्या जुन्या खाणीही जागोजागी कोळशाचाच वायू सोडतात, त्यामुळे वायूचं वय काढून किंवा शेजारच्या माळाशी ताडून बघूनही काही हाती लागेना. त्याच जमिनीचं आधीचं एक वर्ष हवं होतं. ते आता कुणीही आणून देऊ शकत नव्हतं.

कुलझिरानं अहवालात लिहिलं, ‘सांगता येत नाही. पुढे कधी सांगता येईल असंही नाही.’

येरसायिननी चष्मा कपाळावर सरकवला. "हे काय, शोकसंदेश लिहिलायस?"

"खरं ते लिहिलंय, आगा."

"गळती सापडली?"

"नाही, पण..."

"मग ‘गळती आढळली नाही’ असं लिही. खोटं आहे का हे?"

"खोटं नाही. खरंही नाही."

"चाळीस घरं चालतात इथल्या पगारावर, कुलझिरा. वर्ष हवं होतं तर तेव्हा तोंड उघडायचंस. त्या महिनाभराच्या नोंदीवर सही कुणाची आहे?"

सही तिचीच होती. धोंडा तिनंच आपल्या पायावर पाडून घेतला होता, खापर फोडणार कुणावर? तरी तिनं मंत्रालयाला पत्र धाडलं. ते खुलाशासाठी येरसायिनकडेच आलं. अहवाल त्यांच्या शब्दांत छापला गेला, खाली तिच्या नावानिशी, आणि पेपरातही आला.

हिवाळा पुन्हा आला होता. रविवारी ती कोकतासला गेली. बातिमा दारातच पेपर नाचवत उभी.

"आपके, अगं ताई, नाव आलंय तुझं! अख्ख्या गल्लीला दाखवलं. ती घाबरट सौले, वायू येईल म्हणून तळघरात उतरत नव्हती. म्हटलं, माझ्या बहिणीनं मोजलंय, उतर खुशाल!"

तो वायू हवेपेक्षा जड, वर आलाच तर आधी तळघरातच साचणार, आणि वासही न येता आतला माणूस गुदमरणार.

"बातिमा, बटाटे वर आणून ठेव."

"वर? पडवीत एका रात्रीत गोठून दगड होतील! आणि घरात जागा कुठंय?"

"माझ्या नावावर जाऊ नकोस गं. मला माहीत नाही. खरंच माहीत नाही."

"एवढी शिकलीस, पण तोरा म्हणून मिरवता येत नाही तुला! चहा ओत, मी काकड्यांची बरणी आणते."

बातिमा शिडी उतरलीसुद्धा. कुलझिरा तळघराच्या तोंडाशी गुडघे टेकून बसली.

"बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही."

बातिमानं हसत हसत सुनेची गाऱ्हाणी सुरू केली. मध्येच आवाज थांबला.

"बातिमा!"

"अगं, झाकण उघडतेय! केवढी ओरडतेस!"

कुलझिराच्या जिवात जीव आला, पण आजच्यापुरताच. उद्या ती इथे नसणार होती, आणि त्या एका गल्लीत तेवीस तळघरं होती.