दर्व्हलाशी भांडण

दर्व्हला नर्सला मनाच्या दुखण्यावरची औषधं स्वतः लिहून द्यायचा अधिकार मिळाला, आणि गावाला वाटलं, चला, सुटलो! आयर्लंडमधल्या डोनेगलच्या त्या टोकावरून शहरातल्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे अख्खा दिवस पाण्यात. पण अधिकारामागून नियमही आला: नातेवाइकांना आणि जवळच्या मित्रांना औषध लिहायचं नाही. आता बोला! जिथे निम्मं गाव भावकी आणि उरलेलं रोज चहाला, तिथे लिहायचं कुणाला? मेंढ्यांना?

सगळ्यात जास्त धसका घेतला फिन्टनने. मेंढ्या पाळणारा, एकटा जीव. मन उधळायला लागलं की त्याला गोळ्या लागत, पण डॉक्टरसमोर त्याची दातखीळ बसे. बोलायचा तो फक्त दर्व्हलापाशी. त्याने केलेला सफरचंदाचा केक तिने वर्षानुवर्षं हाणलेला. मैत्री नाही असं म्हणणार कोण? म्हणून आपलं वैरच आहे असं गावाला दिसावं, यासाठी भर दुकानात फिन्टनने तोंड सोडलं.

"ही बाई? डोक्याला ताप नुसता! हिचं तोंडही बघवत नाही मला!"

"तुझं काय मोठं देखणं लागून गेलंय!" दर्व्हलाने ठोकून दिलं. दुकानवाली हसून हसून बेजार. संध्याकाळी केक मात्र तिच्या पायरीवर आलाच, फडक्यात बांधून.

त्याच आठवड्यात फिन्टनच्या मेंढ्या रस्त्यावर आल्या. खूण म्हणून जो तो आपल्या कळपाला एकच रंग लावतो. याच्या मेंढ्या लाल, निळ्या, पिवळ्या, नुसती जत्रा! गाव हसलं. दर्व्हलाही पोट धरून हसली. घरी येऊन केक कापायला घेतला, आणि सुरी तशीच खाली ठेवली. दुसऱ्या कुणी असे रंग फासले असते, तर तिने आधी विचारलं असतं, बाबा रे, झोप लागते का? गोळी वाढवायची वेळ टळत चालली होती आणि ही हसत बसली. का, तर आपला फिन्टन! नियम करणारे मेले अगदीच खुळे नव्हते.

सकाळी ती त्याच्या दारात उभी. "कोट घाल. डॉक्टरकडे जायचंय. तुझं औषध मी लिहिणार नाही."

"म्हणजे एवढा भांडलो ते फुकट?"

"फुकट कसलं? गावाची करमणूक झाली. चल."

गाडीत बोलताना फिन्टनने श्वास म्हणून घेतला नाही. मेंढ्या, रंग, विकत घ्यायचे सात घोडे. दवाखान्यातल्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "सोबत कोण? नर्स का?"

"छे छे, वैरीण आहे माझी!" फिन्टन घाईने म्हणाला.

"मैत्रीण," दर्व्हला म्हणाली. "तसंच लिहा."

 बाकावर सरकून फिन्टनने तिला जागा करून दिली.