विहीणबाईंना अहो-जाहो

कवळीकाकांची सारी हयात लोकांचे दात घडवण्यात गेली. दातांचे डॉक्टर माप पाठवायचे आणि काका टेबलाशी बसून कवळी बनवायचे. ती ज्याच्या तोंडात जायची तो माणूस त्यांना कधी दिसायचाही नाही. बायको होती तोवर या मुक्या कामाचं त्यांना काही वाटलं नाही, कारण घरी आलं की ती दोघांच्या वाटचं बोलायची. ती गेली, पाठोपाठ काम सुटलं आणि घर असं गप्प झालं की फ्रिज घुरघुरला तरी काका मान वर करून बघायचे.

लेकीने एका इटालियन मुलाशी लग्न केलं होतं. दोघं शहराच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत राहायची. तिला दिवस गेले, पुढे काही गुंतागुंत झाली आणि डॉक्टरांनी बाळंत होईपर्यंत दवाखान्यातच झोपून राहायला सांगितलं. जावई तिच्यापाशी. मदतीला त्याची आई येणार होती, पण तिला उतरायला जागा फक्त काकांकडे.

"बाबा, त्यांना इटालियनशिवाय काही येत नाही," लेक म्हणाली. "दोन शब्द शिकून ठेवा ना."

"दोन कशाला, वीस शिकतो. मला कुठे दुसरा उद्योग आहे?"

फोनवर एक शिकवणी सापडली. ती होती इंग्रजी येणाऱ्यांसाठी, आणि काकांचं इंग्रजी बेताचं. तरी रेटलं. सकाळी शिकवणीतली बाई म्हणायची, "ब्वोनजोर्नो." काका चहा गाळता गाळता तेच म्हणायचे. संध्याकाळी "ब्वोनासेरा", झोपायच्या आधी "ब्वोनानोत्ते". कुणाच्या खोलीत शिरताना विचारायचं "पेर्मेस्सो?" म्हणजे येऊ का, आणि आतून उत्तर यायचं "आवान्ती", या की. बाई प्रत्येक वेळी शाबासकी द्यायची, मग उच्चार कितीही वेडावाकडा असो. काकांना ते कळत होतं. पण घरात कुणीतरी शाबास म्हणतंय, एवढ्यासाठी ते पुढचा धडा लावायचे.

एका बाबतीत मात्र शिकवणी कच्ची होती. 'कशा आहात'ला 'कोमे स्ता' आणि 'कशी आहेस'ला 'कोमे स्ताय'. इंग्रजीत लहानथोर सगळ्यांना एकच 'यू', त्यामुळे तिने हा फरक घाईघाईत उरकला होता. लेकीने मात्र बजावलं, "'स्ताय' नाही हं, बाबा. विहीणबाई आहेत. अहो-जाहो करायचं."

विहीणबाई आल्या. उंच, ताठ, स्वतःची बॅग स्वतः उचलणाऱ्या. काकांनी दारातच "ब्वोनजोर्नो, कोमे स्ता" म्हटलं. बाईंचा चेहरा उजळला आणि त्यांनी जे बोलायला सुरुवात केली, ते थांबेचनात. काकांच्या कपाळाला घाम फुटला. बाईंनी ते ओळखलं आणि मध्येच गप्प झाल्या.

मग रोज तेच. सकाळी एक नमस्कार, संध्याकाळी एक नमस्कार, मध्ये दवाखान्याची फेरी आणि टेबलावर चमच्यांचा आवाज. दार उघडायचे सगळे शब्द काकांपाशी होते, आत जाऊन बसायचा एकही नव्हता. एकट्याची शांतता अंगवळणी पडते. समोर माणूस असताना ती बोचते.

एका सकाळी बाई टोस्ट खात होत्या. काका सहज बोलून गेले, "कोमे स्ताय?"

बाई घास चावता चावता थांबल्या. त्यांनी तोंडावर हात धरला, उठल्या आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. जेवायलाही आल्या नाहीत.

काकांनी लेकीला फोन लावला. "माझी जीभ घसरली गं. मी त्यांना अगंतुगं केलं."

"एवढ्यावरून कुणी रागावतं का, बाबा?"

"दार लावून बसल्यात. तू बोलून बघ."

थोड्या वेळाने लेकीचा फोन आला. "उचलत नाहीत."

काका दाराशी गेले. "पेर्मेस्सो?" उत्तर नाही. "स्कूझी," ते म्हणाले. माफ करा. पुन्हा म्हणाले. मग मराठीतच म्हणाले, "बाई, चुकलो. मनात काही नव्हतं हो."

दार जरासं उघडलं. फटीतून एक हात आला आणि हातात रुमालाची पुरचुंडी. काकांनी ती उलगडली. आत वरच्या दातांची कवळी होती, मधोमध दुभंगलेली.

काकांना हसू फुटलं आणि लगेच विरलं. परक्या घरात, परक्या पुरुषासमोर दात मोडले म्हणून ही बाई दिवसभर उपाशी बसली होती. सांगणार तरी कुणाला, आणि कसं?

त्यांनी पलंगाखालून कामाची जुनी पेटी ओढली. दोन तुकडे मेणाने जुळवले, प्लास्टरचा साचा घेतला, मोडलेल्या कडा कानशीने घासल्या, हिरडीच्या रंगाची गुलाबी पूड कालवून फट भरली. बाई तोंडाला स्कार्फ गुंडाळून बाहेर आल्या आणि टेबलापलीकडे बसून बघत राहिल्या. ज्याचे दात तो माणूस कामाच्या वेळी समोर बसलेला काकांनी आजवर पाहिला नव्हता. त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ घासून चकाकी आणली.

बाईंनी पाठमोरं होऊन कवळी बसवली, दात दोनदा वाजवून पाहिले आणि आभार मानले, "ग्रात्सिए."

"प्रेगो," काका म्हणाले. त्यात काय एवढं.

मग बाई बोलू लागल्या. काकांनी या वेळी त्यांना थांबू दिलं नाही, मान डोलवत राहिले. 'मारितो', नवरा, एवढा एकच शब्द त्यांना लागला. तो बोलताना बाईंचा आवाज फाटला. काका म्हणाले, "आमची ही पण गेली. फार बोलकी होती हो." आणि ती कशी बोलायची, कशावरून भांडायची, हे सगळं त्यांनी सांगितलं. दोघांनाही एकमेकांचं काही समजलं नाही. पण कुणी उठलंही नाही.

नात झाली, ठणठणीत. पुढे जावयाला दुसऱ्या देशात नोकरी लागली आणि ती तिघं तिकडे गेली. विहीणबाई आपल्या रिकाम्या घरी परतल्या, काका आपल्या घरी राहिले.

रविवारी दुपारी बाईंचा फोन येतो. कसे आहात, बरी आहे, पाऊस आहे, ऊन आहे. येणारे शब्द पटकन संपतात. फोन मात्र दोघंही ठेवत नाहीत. बाई तो ओट्यावर ठेवून भांडी घासत असाव्यात, कारण काकांना पाण्याचा आवाज येतो, खुर्ची सरकल्याचा येतो. काका कपड्यांच्या घड्या घालत ते ऐकतात. कधी लाइन आपोआप तुटते. तेव्हा हातातला सदरा तसाच धरून ते थोडा वेळ बसून राहतात, मग राहिलेल्या घड्या घालतात.