भंडाऱ्यात अडकलेली फायनल

मी एक जुना दुधाचा कॅन आहे. अ‍ॅल्युमिनियमचा, चाळीस लिटरचा, दोन कानांचा. हसू नका मित्रांनो, धरायच्या कड्यांना आमच्यात कान म्हणतात. मला त्या कानांनी ऐकूही येतं, आणि ऐकलेलं सगळं मी पोटात ठेवतो. पोटात ठेवणं हाच तर माझा धंदा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्रा तापवून, दाबून, गरगर फिरवून मला आकार दिला. तिथून मी बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीत आलो. मग रोज पहाटे राजदूत मोटारसायकलला लटकून कऱ्हाटी गावाकडे जायचं आणि भरून माघारी यायचं. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझा जोडीदार. खड्ड्यांनी हाडं खिळखिळी व्हायची, पण मी कधी थेंब सांडला नाही. डेअरीत आम्हाला धुवायला कौसल्याबाई होत्या. गरम पाण्यानं घासताना त्या आमच्याशी बोलायच्या, कधी शिव्याही द्यायच्या. मला मात्र म्हणायच्या, "ह्यो माझा शहाणा कॅन हाय." त्या कौतुकावर मी बरीच वर्षं काढली.

पुढे दुधाला मोठे टँकर आले आणि आमची रवानगी भंगाराच्या ढिगात झाली. ज्यांनी इतकी वर्षं तालुक्याला चहा पाजला, त्यांना कुणी विचारीना! मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात एक दिवस कौसल्याबाई आल्या, माझ्या पोटावर थाप मारली आणि म्हणाल्या, "ह्यो अजून ठणठणीत हाय. खेळणाऱ्या पोरींच्या पाण्याला व्हईल."

खेळणाऱ्या पोरी! हे काय नवीन, म्हणून मी कान टवकारले.

तो एकोणीसशे शहाण्णव सालचा हिवाळा. आसपासच्या काही कंपन्यांनी आणि कारखान्यांनी मिळून मुलींच्या बास्केटबॉलची लीग काढली होती. आमच्या डेअरीनंही संघ उभा केला. मुलींना हंगामापुरतं कामावर घेतलं, आणि काम काय, तर खेळायचं! सकाळी सराव, संध्याकाळी सराव, आणि पहिल्या तारखेला पगार. एमआयडीसीत या गोष्टीवर कुणाचा विश्वास बसेना. आणि त्यांचा तो खेळ तरी कसला? उंच खांबावर एक लोखंडी कडं, कड्याला जाळी, आणि जाळीला बूडच नाही! चेंडू वरून टाकला की खालून बाहेर. माझ्यासारख्या भांड्याला हे बघवेना. ज्यात काही म्हणता काही राहत नाही त्याला टाळ्या, आणि आम्ही चाळीस लिटर धरून ठेवायचो तेव्हा साधं बरं म्हणायला कुणी नाही!

पण हळूहळू मला त्या पोरींचा लळा लागला. सगळ्यांत जास्त छकुलीचा. छकुली कऱ्हाटीची. नाव छकुली आणि उंची ही एवढी, दारातून आत येताना वाकायची. तिच्या आजोबांच्या काळापर्यंत घरात मेंढरं होती. वडील बिरूआबा आता शेती करायचे, पण खांद्यावरची घोंगडी काही सुटली नव्हती. छकुलीनं कॉलेज मध्येच थांबवून ही नोकरी धरली, तेव्हा भावकीनं आबांना धारेवर धरलं. पोरगी चड्डी घालून पळणार आणि त्याचा पगार घेणार! आबांनी सगळ्यांसमोर शब्द दिला, "एक सीझन. पोरगी नोकरीत कायम झाली तर खेळंल, न्हाय तर माघारी घिऊन यीन."

संघाचे कोच अय्युब सर. डेअरीच्या स्टोअरमध्ये काम करायचे, जवानीत स्वतः चांगले खेळलेले. बोलायला तिखट, मनानं लोणी. एका सरावाला मॅनेजर बापूसाहेब आले आणि मुलींना गोल बसवून त्यांनी स्पष्ट सांगितलं, "पोरींनो, लीग जिंकली तर संघ राहील आणि तुम्ही सगळ्या कायम. हरलो, तर सीझन संपला की संघ बंद. वरून तसंच आलंय."

त्या दिवशी छकुलीनं माझ्यातून पाणी घेतलं, पण पेला तोंडाला लावायलाच विसरली. कौसल्याबाई म्हणाल्या, "पी की गं पोरी, पाण्यानं काय घोडं मारलंय?" तिनं पेला तसाच माझ्या झाकणावर ठेवला आणि चेंडू घेऊन पुन्हा मैदानात गेली.

त्या हंगामात मी सगळीकडे हिंडलो, मित्रांनो. कंपनीच्या टेम्पोत मागे मी, चेंडूंची पोती आणि आठ-दहा पोरी. जिंकून यायच्या तेव्हा माझा ताशा व्हायचा. हरून यायच्या तेव्हा कुणीतरी माझ्यावर डोकं टेकून रडायचं. छकुली सुरुवातीला नुसती पळायची. अय्युब सर ओरडायचे, "अगं छकुली, मेंढरू सुटल्यासारखी कुठं चाललीस? आडव की!" एकदा तिनं उलट विचारलं, "म्हंजी मेंढरं आडवत्यात तसं आडवू?" सर म्हणाले, "व्हय! अगदी तस्संच." तेव्हापासून ती दोन्ही हात पसरून अशी उभी राहायची, की समोरच्या मुलीला वाटच मिळायची नाही. लोक तिचं नाव घेऊन ओरडायला लागले.

असं करत करत आम्ही फायनलला पोचलो. फायनल इंदापुरात, तिथल्याच एका कारखान्याच्या संघाशी. त्यांची कॅप्टन वैष्णवी. वाऱ्यासारखी पळायची आणि कुणालाच घाबरायची नाही. आणि त्या दिवशी आमच्या टेम्पोत बिरूआबाही चढले. त्यांनी लेकीचा एकही सामना पाहिला नव्हता. खांद्यावर घोंगडी, हातात कापडी पिशवी. पिशवीत काय आहे, कुणी विचारलं नाही. विचारायला हवं होतं!

सिमेंटचं मैदान, भोवती अख्खं इंदापूर. सामना अटीतटीचा झाला. कधी त्या पुढे, कधी आमच्या पोरी पुढे. आबांना खेळातलं काही कळत नव्हतं. त्यांना माहीत होती ती जत्रेतली कुस्ती. शेवट जवळ आला, छकुलीनं चेंडू त्या बिनबुडाच्या जाळीतून टाकला आणि बारामती एका गुणानं पुढे गेली. त्याच क्षणी इंदापूरच्या कोचनं विश्रांती मागितली. पंचांची शिट्टी वाजली. मुली कडेला आल्या.

आबांना वाटलं, शिट्टी झाली, पैलवान आखाड्याबाहेर आले, आपली बाजू वर आहे, म्हणजे कुस्ती निकाली! ते उठले, धावत मैदानात गेले, पिशवीत हात घातला आणि मुठी भरभरून भंडारा उधळला. भंडारा म्हणजे खंडोबाची हळद. गावचा पैलवान जिंकला की उधळतात तशीच त्यांनी लेकीच्या अंगावर, चेंडूवर, कड्याखाली, जिथं हात पोचेल तिथं उधळली.

"येळकोट येळकोट!"

आणि गंमत बघा, "जय मल्हार!" असा जबाब आख्ख्या इंदापूरनं दिला. ती हाळी कानावर आली की आमच्याकडे माणूस बाजू बघत बसत नाही.

"आबा!" छकुली किंचाळली. "अजून संपली न्हाय!"

पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. खेळ पुन्हा सुरू झाला, पहिल्याच पावलाला छकुलीचा पाय सरकला आणि ती कोपरावर आपटली. वैष्णवीच्या हातून चेंडू साबणासारखा निसटला. पंचांनी खेळ थांबवला आणि अय्युब सरांना बोलावलं. "प्रेक्षक तुमचा आहे. दहा मिनिटांत कोर्ट साफ करा. नाहीतर सामना इंदापूरला द्यावा लागेल."

माझ्या पोटातलं पाणी गार पडलं.

मैदानावरचा शिपाई केरसुणी घेऊन धावला. तसा गलका झाला. "अरे ए! भंडाऱ्याला केरसुणी लावतो व्हय?" आणि ओरडणारे सगळे इंदापूरचेच बरं का, आमचे नव्हेत. बिचारा जागच्या जागी थिजला. दुसऱ्या कुणीतरी माझ्यातलं तांब्याभर पाणी सिमेंटवर ओतलं. झालं! तिथं लग्नाच्या हळदीसारखा चिकट लगदा तयार झाला. कौसल्याबाई कडाडल्या, "पाणी वतू नगा रं! आणखी निसरडं करताय!" आणि त्यांनी आपल्या पदरानंच तो लगदा टिपून घेतला.

बिरूआबा मैदानाच्या मधोमध उभे होते, हात पिवळे, तोंड पांढरं. "म्या माझ्याच हातानं पोरीच्या ताटात माती कालवली," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मला त्यांच्याकडे बघवेना. छकुली कोपर धरून त्यांच्यापाशी गेली. मला वाटलं, आता बोलणार काहीतरी वर्मी लागेल असं. ती म्हणाली, "आबा, रडायचं मागनं. आधी ह्ये कसं काढायचं सांगा. केरसुणी चालत न्हाय, पाणी चालत न्हाय."

आबांनी डोळे पुसले, लेकीकडे पाहिलं आणि खांद्यावरची घोंगडी काढली. आबांच्या वडिलांनी विणलेली, काळीभोर. तिच्यावर ते कुणाला पाय ठेवू देत नसत. त्यांनी ती सिमेंटवर अंथरली. "घोंगडी बी देवाची, भंडारा बी देवाचा. त्याचं त्याला गोळा करू दे."

खरबरीत लोकर भंडारा छान धरत होती. पण ओढायला लागलं की घोंगडी गोळा व्हायची. आबा म्हणाले, "वजन पायजे वर. शेतात ढेकळं फोडायला मैंद फिरवताना कुणीतरी वर बसतं, तसं." अय्युब सरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांची नजर माझ्यावर थांबली.

मित्रांनो, चौघा पोरींनी मला उचलून घोंगडीवर बसवलं. एक टोक आबांनी धरलं. दुसरं धरायला आमची कुणी पुढे होणार, तोच वैष्णवी आली. इंदापूरची कॅप्टन! तिचे कोच मागून ओरडले, "अगं, तू कशाला? वेळ जाऊ दे!" ती वळूनसुद्धा न बघता म्हणाली, "सर, मला खेळून जिंकायचंय. हळदीनं न्हाय."

आणि निघाली की माझी वरात! पुढे बिरूआबा आणि वैष्णवी, वर मी, शेजारी माझं झाकण दाबून धरत चालणाऱ्या कौसल्याबाई. "सांडू नगंस रं शहाण्या, एक थेंब सांडू नगंस," त्या पुटपुटत होत्या. मी सगळं पाणी कसं घट्ट धरून ठेवलं, माझं मला ठाऊक. दुधानं भरून खड्ड्यांतून आलो तेव्हाही मी एवढा घाबरलो नव्हतो. या कडेपासून त्या कडेपर्यंत, पुन्हा माघारी, पुन्हा एकदा. मागे राहिलेलं पोरींनी आपल्या ओढण्यांनी पुसलं. पंच आले, बूट घासून पाहिला. बूट करकर वाजला. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मान डोलावली. मी श्वास सोडला. कॅनला श्वास असतो का, असं विचारू नका. त्या दिवशी होता.

घोंगडीवर गोळा झालेला भंडारा आबांनी सगळ्या मुलींच्या कपाळी लावला, दोन्ही संघांच्या. पंचांनीही कपाळ पुढे केलं.

उरला होता थोडकाच खेळ. आमचा एकच गुण जास्त आणि चेंडू वैष्णवीकडे. ती निघाली. एकीला चुकवलं, दुसरीला चुकवलं. कड्याखाली उभी होती छकुली, सुजलेलं कोपर घेऊन. तिनं दोन्ही हात पसरले. वैष्णवी डावीकडे वळली, छकुली डावीकडे. उजवीकडे वळली, छकुली उजवीकडे. शेवटी वैष्णवीनं तिच्या डोक्यावरून चेंडू फेकला. तो कड्यावर आदळला, कडेवरून एक फेरी मारून बाहेर पडला. लांब शिट्टी वाजली.

आमच्या पोरी किंचाळत एकमेकींच्या गळ्यात पडल्या. वैष्णवी थोडा वेळ गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली, मग येऊन छकुलीला हात दिला. बिरूआबा मात्र जागचे हलले नाहीत. घोंगडी छातीशी धरून ते भेटेल त्याला विचारत होते, "संपली का? आता नक्की संपली का?"

अय्युब सरांनी त्यांना मिठी मारली. "संपली आबा! जिंकली तुमच्या लेकीनं! आता उधळा खुशाल!"

"नगं बाबा," आबा घाईघाईनं म्हणाले. "आता घरला जाऊनच."

बापूसाहेब शब्दाला जागले. तिथंच, पोरींच्या घोळक्यात उभं राहून ते म्हणाले, "सोमवारपासून सगळ्या कायम. संघ राहतोय." छकुली हसता हसता रडायला लागली. मग तिनं माझ्यातून तांब्या भरला आणि आबांच्या ओंजळीत पाणी ओतलं. आबा पीतच राहिले. सकाळपासून त्यांच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता, हे तेव्हा कळलं.

परतताना दिवस मावळत होता. निमगाव केतकीचे पानमळे मागे पडले, तोवर पोरींची गाणी रंगात आली होती. एकीनं ताशा वाजवायला माझ्याकडे हात नेला, तर छकुलीनं तो वरच्या वर धरला. बिरूआबा माझ्या पोटाला टेकून झोपले होते. तोंड उघडं, कपाळी भंडारा, अंगावर घोंगडी. छकुली हळूच म्हणाली, "सीझन सुरू झाल्यापासनं आबांना झोप न्हाय. आई सांगती, रातभर अंगणात येरझाऱ्या घालत्यात." गाणी थांबली. बारामती येईपर्यंत टेम्पोत कुणी मोठ्यानं बोललं नाही. मी तर साधं खडखडलोही नाही.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. छकुली पुढेही खेळली. मी आज डेअरीच्या मागच्या शेडमध्ये पडून आहे; कान गंजायचा प्रश्न नाही, पण धूळ मात्र पुष्कळ बसते. मित्रांनो, जुनं भांडं दिसलं तर एकदा घासून उन्हात पालथं घाला, एवढं आमच्यासाठी करा. आणि एक घरच्या माणसांसाठी करा. कुणाच्या तरी काळजीत जागलेलं तुमच्या घरातलं माणूस एखाद्या दिवशी निर्धास्त झोपलेलं दिसेल. तेव्हा भांडी आपटू नका. आम्हाला ती झोप कळते, आम्ही गप्पच असतो. वाजवता ते तुम्ही.