काशाची वाटी

कुसुमने नवऱ्याच्या तळव्याला तूप लावलं, काशाची वाटी घासायला घेतली, आणि पाय गुडघ्यात दुमडून झटकन वर आला. चाकणच्या कंपनीत शेडच्या पत्र्यावरून पडून पाठीचा कणा मोडल्यापासून ज्योतीरामचे दोन्ही पाय ओंडक्यासारखे पडून होते. कुसुम आनंदाने किंचाळलीच.

घरमालकीण सरूबाई धावत आल्या. "हालला व्हय गं! आता ह्यो चालतोय बघ. त्या डाक्टरला काय कळतंय!" त्यांनी शिरा केला आणि साऱ्या चाळीला वाटला. ज्योतीरामने तर कामावर गेल्यावर कुठली शिफ्ट मागायची तेही ठरवून टाकलं. बऱ्याच दिवसांनी तो पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी कुसुम ही खबर द्यायला दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, पण त्या हसल्या नाहीत.

"मेंदू हुकूम देतो. कण्यातला मज्जारज्जू तो पायापर्यंत नेतो, आणि पायाची खबर वर मेंदूला देतो. तुमच्या यजमानांचा मज्जारज्जू मधेच तुटलाय. पण त्याचा खालचा भाग जिवंत आहे. तळव्याला काही लागलं की मेंदूला न विचारता तोच पाय ओढून घेतो."

"पण हलतो ना, बाई?"

"हलतो. ते हलवत नाहीत. पटत नसेल तर त्यांचे डोळे बांधून वाटी घासा. घासलेलं त्यांना कळलं तर लगेच मला फोन करा."

चिखलीच्या चाळीत पोचेपर्यंत कुसुम मनातल्या मनात बाईंशी कडाकडा भांडत होती. चांगलं बोलायला बाईंच्या जिभेला काय होतं? उद्या यांना चालवतच समोर नेऊन उभं करते!

घरी आल्या आल्या तिने ज्योतीरामच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला.

"काय खेळ लावलास गं?" तो हसला.

"गप पडा हो. गंमत आहे."

तिने तूप लावलं, वाटी घासली. पाय वर आला, थरथरला, खाली पडला. तिने पुन्हा घासली, जोर लावून, तळवा लाल होईस्तोवर. पाय पुन्हा वर आला. काहीतरी बोला, ती मनात विनवत होती, नुसतं हं म्हणा. डोळ्यांतलं पाणी हातातल्या वाटीत टपटपलं.

टॉवेलखाली ज्योतीराम अजून हसतच होता.

"कुसुम, कुठं गेलीस? घास की लवकर. आज मी जोर लावून उचलूनच दाखवतो."