पेन्जोरची वाटी

भास्कर दांडेकरचा स्वभाव मुळातच संशयी. पुण्यात असताना लाँड्रीतून आलेला शर्ट आपलाच आहे ना, हे कॉलर उलटून खूण पाहिल्याशिवाय तो अंगात घालत नसे. जर्मनीत आल्यावर या स्वभावाला चांगलं नाव मिळालं. त्याला म्हणायचं काटेकोरपणा. हॅनोव्हरला तीन वर्षं काढल्यावर त्या काटेकोरपणाचा त्याला अभिमानच वाटायला लागला होता, आणि तिथंच सगळं घोडं पेंड खायला लागलं.

त्याचा प्रबंध होता हिमालयातल्या लहान राज्यांच्या दरबारी चालीरीतींवर. त्यातही नेमथांग नावाचं एक चिमुकलं राज्य त्यानं निवडलं होतं. दोन खिंडी, अकरा गावं, एक राजवाडा, आणि नकाशात शोधायला गेलं तर त्यावर नेमकी घडी पडलेली. भास्कर तिथं कधी गेला नव्हता. पण नेमथांगचा राजा उजवा पाय आधी टाकतो की डावा, हे विचारा. झोपेतून उठवलंत तरी सांगेल. सगळं पुस्तकातून बरं का.

हॅनोव्हरमध्ये एका श्रीमंत घराण्याचा खाजगी संग्रह होता. युद्धाच्या आधी त्यांच्यातल्या कुणी नेमथांगला जाऊन सात पेट्या भरून वस्तू आणल्या होत्या. बॉम्बफेकीत कागदपत्रं जळाली, पेट्या तळघरात होत्या म्हणून वाचल्या. उरली ती फक्त एक टाइप केलेली यादी. संग्रहाचे प्रमुख डॉक्टर हेल्मर यांनी भास्करला अर्धवेळ नोकरीवर घेतलं, काम असं की वस्तू ओळखायच्या, नंबर घालायचे, कार्डं लिहायची. त्याच्या आउफेन्टहाल्टवर, म्हणजे इथं राहायच्या परवान्यावर, दर वर्षी हेल्मरसाहेबांच्या पत्राशिवाय शिक्का बसत नसे. सही मिळाली तर प्रबंध पुरा होणार, नाही तर चंबूगबाळं आवरून घरी. पुण्यात बायको सुलेखा तीन वर्षं वाट बघत होती, आणि सासरे दर पत्रात एकच ओळ लिहीत होते, की जावईबापू, अजून किती?

बासष्ट सालच्या एप्रिलात हॅनोव्हरच्या मोठ्या प्रदर्शनाला कालिंपोंगचा एक लोकरीचा व्यापारी आला. त्याच्याबरोबर एक म्हातारा होता, पेन्जोर नावाचा. हेल्मरसाहेबांना कुठूनसा पत्ता लागला की हा नेमथांगच्या राजवाड्यातल्या कोठारवाल्याचा मुलगा. झालं, साहेबांनी त्याला तीन आठवडे ठेवूनच घेतलं. पेट्या पेन्जोरनं उघडायच्या, प्रत्येक वस्तू काय ते हिंदीत सांगायचं, आणि भास्करनं ते जर्मनमध्ये करायचं.

म्हातारा कामाला वाघ होता. मुखवटा हातात घेतला की कुठल्या महिन्यात, कुणाच्या तोंडावर, सगळं सांगायचा. भास्करनं तीन वर्षं घासून लिहिलेल्या दोन प्रकरणांतल्या चुका त्यानं पहिल्याच दुपारी सहज दाखवून दिल्या. भास्करला ते झोंबलं. आता हे त्यानं स्वतःशीही कबूल केलं नसतं, पण झोंबलं हे खरं.

सातही पेट्या रिकाम्या झाल्या आणि यादीतली एक वस्तू सापडेना. ‘लाकडी वाटी, आतून चांदीचा पत्रा, राजघराण्यातील.’ भास्करनं गवत चिवडलं, पेट्यांचे तळ ठोकून पाहिले. हेल्मरसाहेबांनी शांतपणे विचारलं की हेर दांडेकर, म्हणजे श्रीयुत दांडेकर, तळघराच्या किल्ल्या तुमच्याकडेच असतात ना? हो, भास्कर म्हणाला. परवान्याच्या पत्रावर सही व्हायची होती त्याच आठवड्यात.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यानं पाहिलं. पेन्जोर खिडकीपाशी पाठ करून बसला होता. संग्रहाचा पांढरा कप बाजूला जसाच्या तसा. म्हाताऱ्यानं हातातलं काहीतरी बोटानं निपटून पुसलं आणि अंगरख्याच्या छातीच्या घडीत सरकवलं. आत चांदी चमकली.

भास्करच्या मनात पाल चुकचुकली. चुकचुकली कसली, थैमानच घातलं तिनं. कोठारवाल्याचा पोरगा, अंगावर उसवलेला अंगरखा, याच्याकडे चांदीची वाटी कुठून येणार? पेट्या उघडणारा कोण? हाच. भास्कर दोन दिवस त्याच्यावर डोळ्यात तेल घालून होता. म्हाताऱ्याचं हसणं त्याला लबाड वाटायला लागलं, गप्प बसणं त्याहून लबाड. तिसऱ्या दिवशी तो हेल्मरसाहेबांच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

पेन्जोरला बोलावलं. पहारेकरी मोर्स यानं अंगरख्यात हात घातला आणि वाटी काढून टेबलावर ठेवली. लाकडी, आतून चांदीची. म्हातारा रागावला नाही. त्याला वाटलं काही गैरसमज झालाय, आणि गैरसमज दूर करायला हा आपल्या बाजूचा, हिंदी बोलणारा माणूस आहेच की. तो भास्करकडे वळून समजावून सांगायला लागला. ही वडिलांची वाटी. कोठाराची किल्ली दिली त्या दिवशी राजानं दिलेली. आमच्याकडे दुसऱ्याच्या भांड्यातून कुणी पीत नाही, राजापासून हमालापर्यंत प्रत्येकाची वाटी ज्याच्या त्याच्या छातीशी. साहेबांना एवढं सांगा.

“काय म्हणतोय?” हेल्मरसाहेबांनी विचारलं.

“म्हणतोय, वाटी त्याची आहे,” भास्कर म्हणाला.

बस्स, एवढंच. बाकीचं त्यानं गिळलं. चोर पकडला गेला की गोष्ट रचतोच, ती कशाला भाषांतर करत बसायची, असं त्याला वाटलं. आणि गंमत बघा, छातीशी वाटी बाळगायची ही चाल त्याला ठाऊक होती! युद्धाआधीच्या एका प्रवाशाच्या टिपणातून त्यानं ती स्वतः वहीत उतरवून घेतली होती. पुस्तकात वाचली तेव्हा मोठी मौज वाटली, आणि समोर एक जिवंत माणूस तेच करताना दिसला तेव्हा ती चोरी वाटली.

पेन्जोरला जर्मन येत नव्हतं. पण आपण केवढं बोललो आणि ह्यानं केवढं सांगितलं, हे कळायला जर्मन कशाला यायला हवं? त्यानं एकदा भास्करकडे नीट पाहिलं.

हेल्मरसाहेब सभ्य गृहस्थ. पोलिसांना बोलावलं नाही. एक कागद केला, त्यावर ‘पाहुण्याकडून वस्तू परत मिळवली’ असं लिहिलं, भास्करनं साक्षीदार म्हणून सही केली. उरलेला आठवडा म्हाताऱ्यानं मुकाट्यानं काम पुरं केलं. चहा मात्र घेतला नाही. तहान लागली की वऱ्हांड्यातल्या नळाखाली ओंजळ धरायचा. ऑफिसातल्या बायका नाकं मुरडायच्या. भास्कर मनात म्हणायचा, नाटकं. बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाची दारात झडती घ्यायची, असा नवा नियम निघाला, तो भास्करच्याच सूचनेवरून. परवान्याच्या पत्रावर सही झाली. सुलेखाला त्यानं सविस्तर पत्र लिहिलं, त्यात स्वतःच्या काटेकोरपणाबद्दल अर्धं पान.

पेन्जोरची गाडी शनिवारी दुपारी दोनची होती. त्या सकाळी भास्कर तळघरात शेवटच्या वस्तूंना नंबर घालत बसला होता. वाटीवर त्यानं आदल्याच दिवशी नंबर घातला होता. तळाशी, पांढऱ्या शाईनं, सुबक अक्षरात २१२, आणि वर वार्निशचे दोन हात, म्हणजे पन्नास वर्षं हलायला नको. आता राहिले होते राजाचे लोकरी बूट. आकार टिकावा म्हणून त्यात कागद कोंबायला त्यानं उजव्या बुटात हात घातला, आणि हाताला कापडाचं गाठोडं लागलं. कापड सोडलं. आत वाटी. लाकडी, आतून चांदीची, काठावर राजघराण्याची खूण कोरलेली. पेन्जोरच्या वाटीवर ती खूण नव्हती. नव्हतीच! ती पाहायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

 भास्कर दोन्ही वाट्या घेऊन धावत वर गेला.

हेल्मरसाहेबांनी दोन्ही उलटसुलट करून पाहिल्या. कागद झालाय, म्हणाले, विश्वस्तांकडे गेलाय. तुमची सही आहे त्यावर, माझी आहे. आता चूक झाली म्हणून कळवलं तर तुमच्या पत्राचाही पुन्हा विचार करावा लागेल. तेव्हा राहू दे. मग चष्मा पुसता पुसता ते म्हणाले, “एकीपेक्षा दोन बऱ्या दिसतील कपाटात. नवीला २१३ घाला.”

भास्कर मान डोलावून खाली आला. त्यानं खरोखरच २१३ची शाई काढली, लेखणी बुडवली. घड्याळात सव्वा वाजला होता. त्याला वऱ्हांड्यातली ती ओंजळ आठवली आणि स्वतःची इतकी शरम वाटली की लेखणी हातात धरवेना. त्यानं २१२ नंबरची वाटी उचलली आणि कोटाच्या आत, छातीशी धरली.

दारात मोर्स होता. पुढच्या दोन माणसांच्या पिशव्या त्यानं उपसल्या. भास्करनं कोटाच्या गुंडीला हात घातला, तसा तो हसला. म्हणाला, हेर दांडेकर, तुम्ही तर आपल्यातले, तुमची कसली झडती! भास्कर बाहेर पडला. रस्त्यावर येताच तो स्टेशनकडे धावत सुटला.

स्टेशनवर पेन्जोर एकटाच बाकावर बसला होता, पायाशी गाठोडं. व्यापारी वर्तमानपत्र घ्यायला गेला होता. भास्करनं धापा टाकत वाटी पुढं केली. सगळं भडाभडा सांगितलं, बूट, गाठोडं, खूण. माझं चुकलं, काका, म्हणाला. हिंदीत त्याला दुसरा शब्द सुचला नाही.

म्हाताऱ्यानं वाटी दोन्ही हातांत घेतली. आतून बोट फिरवलं. त्याचा चेहरा असा उजळला की भास्करच्या जिवात जीव आला. मग त्यानं ती उलटी केली.

“हे काय?”

“नंबर आहे. आमच्याकडे... संग्रहाचा.”

पेन्जोर बराच वेळ त्या पांढऱ्या आकड्यांकडे बघत राहिला. मग त्यानं भास्करकडे पाहिलं, आणि भास्करला ती नजर ओळखू आली. आरशात नसेल पाहिली कधी, पण गेले कित्येक दिवस तो स्वतः त्याच नजरेनं या माणसाकडे पाहत होता.

“आता तीन सरहद्दींवर माझी झडती होणार,” म्हातारा म्हणाला. “वाटी निघेल. खाली तुमचा नंबर निघेल. मला पुन्हा पकडून द्यायला आलात का?”

भास्कर गयावया करायला लागला. मी चिठ्ठी लिहून देतो, सही करतो, आत्ता करतो.

“तुमची सही एका कागदावर आहेच,” पेन्जोर म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. “आणि मी तिथं खरं सांगेन. पण ते त्यांच्या भाषेत कोण सांगणार?”

त्यानं वाटी भास्करच्या हातात परत ठेवली. दोन्ही हातांनी ठेवली, एखाद्याची वस्तू त्याला द्यावी तशी. मग फलाटाच्या टोकाच्या नळाशी गेला, वाकून ओंजळीनं पाणी प्याला, तोंड बाहीला पुसलं आणि गाठोडं घेऊन डब्यात चढला.

थांबा, भास्कर खिडकीखाली उभा राहून म्हणाला, एक मिनिट थांबा, हा नंबर जातो, आत्ता काढतो. त्यानं नखानं आकडा खरवडायला घेतला. नख तुटलं. मग खिशातली किल्ली काढली, तळघराचीच, आणि तिनं घासायला लागला. शिट्टी झाली, डबे हलले, तो गाडीबरोबर चालत घासत राहिला. पण वार्निशचे दोन हात होते आणि दोन्ही त्यानंच दिले होते. गाडी फलाट सोडून गेली तेव्हा लाकडावर चार ओरखडे उठले होते आणि २१२ स्वच्छ वाचता येत होतं.